या बाटलीचं गाव कुठलं?

गेल्या महिन्यात एका मित्राची पन्नाशी झाली. त्याच्या मुलीने पुण्यातल्या एका नव्या हॉटेलात पार्टी ठेवली होती. मराठी जेवण, पण नव्या थाटाचं. म्हणजे कोथिंबीरवडी असते, पण चारच तुकडे, तेही काळ्या दगडी पाटीवर. सोलकढी असते, पण औषधाच्या मापाएवढ्या ग्लासात. असो. जेवण चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

मेनूकार्डात मला नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ दिसली. मी ती मागवली. वेटर पोरगेलासा होता. अदबीने वाकून म्हणाला, "सर, ती खूप ड्राय आहे. इंडियन फूडबरोबर जात नाही. शेनिन ब्लाँ देऊ का? जरा गोड आहे."

मी काही बोलायच्या आत डावीकडच्या मित्राने सुरुवात केली. "काहीही आण रे. वाईन म्हणजे काय दारू थोडीच आहे? हार्टला चांगली असते उलट." उजवीकडचा म्हणाला, "आणि आपण प्यायलो की आपल्याच शेतकऱ्याचं भलं. देशसेवाच आहे ही!" सगळे हसले. मीही हसलो. बायकोने टेबलाखालून पाय दाबला. 'आता भाषण नको', एवढा त्याचा अर्थ. पंचवीस वर्षांत तेवढं कळतं.

म्हणून तिथे गप्प बसलो. आता इथे बोलतो. कारण त्या दोन मिनिटांत तीन माणसं तीन गोष्टी बोलली आणि तीनही चूक होत्या. मी वाईनतज्ज्ञ नाही, कुठला कोर्स केलेला नाही, ग्लास फिरवून 'ओल्या मातीचा गंध' वगैरे मला येत नाही. पण या बाटलीशी माझं एक घरगुती नातं आहे, ते पुढे येईलच.

आधी वेटरचं घेऊ. बिचाऱ्याला जे शिकवलं तेच तो बोलला, त्याचा दोष नाही. पण ही 'आपल्या जेवणाबरोबर जात नाही' ची भानगड जरा तपासून पाहू.

सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी, कोरडी, आंबट वाईन. कोरडी म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबवण्यात संपलेली. ती लाकडी पिंपात मुरवत वगैरे नाहीत, निदान बहुतेक वेळा नाही. स्टीलच्या टाकीत, थंडाव्यात आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाही. तिची ओळखच मुळी हिरवा वास ही आहे. कुणाला त्यात कापलेलं गवत येतं, कुणाला पेरू. पण सगळ्यात स्वच्छ ओळखू येते ती भोपळी मिरची. ही कवीकल्पना नाही. मेथॉक्सीपायराझीन नावाची जी द्रव्यं भोपळी मिरचीत आणि हिरव्या मटारात असतात, तीच या द्राक्षातही असतात. ऊन लागत गेलं, फळ पिकत गेलं की ती कमी होतात आणि फळांचे वास पुढे येतात.

आता मला सांगा, जिच्या अंगालाच मटार आणि भोपळी मिरचीचा वास आहे, ती हिरव्या वाटणाच्या मटार उसळीबरोबर जाणार नाही तर कुणाबरोबर जाईल? पीठ पेरलेल्या भोपळी मिरचीबरोबर? कोथिंबीर, ओला नारळ, हिरवी मिरची, लिंबू हे आपल्या अर्ध्या स्वयंपाकाचं वाटण आहे. आपण तळलेल्या वडीवर लिंबू पिळतो ते कशासाठी? तेलाची ओशट चव कापायला. ही वाईन नेमकं तेच काम करते. अळूवडी घ्या, तिच्यात चिंचगुळाचा कोळ असतोच, म्हणजे आंबटाशी आंबट जुळतं. रव्यात घोळून तळलेला बोंबील घ्या. सुरळीची वडी घ्या. हिरव्या चटणीतलं पापलेट, केळीच्या पानात वाफवलेलं, हे तर माझ्या मते या वाईनसाठीच जन्माला आलं आहे.

चालत नाही तिथे चालत नाही, तेही सांगतो. तांबड्या रश्श्याबरोबर ही पिऊ नये. लाल मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते, तिथे थोडी गोडसर वाईन जरा तरी दिलासा देते. तेवढ्यापुरतं वेटरचं बरोबर. आणि नाशिकच्या मिसळीबरोबर तर कुठलीच वाईन नको, ताक प्यावं! पण कोथिंबीरवडीचं ताट समोर ठेवून 'इंडियन फूडबरोबर जात नाही' म्हणायचं? 'इंडियन फूड' नावाचा पदार्थ कुणी खाल्लाय का कधी?

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी सान्सेर नावाचा भाग आहे. सोव्हिन्यों ब्लाँचं हे एक माहेरच. तिथे शाव्हिन्योल गावात बकरीच्या दुधाचं चीज होतं, आणि ही वाईन त्या चीजबरोबर पितात. आपल्याकडचे हौशी लोक हे वाचतात आणि मग पुण्यात बकरीचं चीज शोधत हिंडतात. अहो, त्यांच्या टेकडीवर वेल होता आणि बकरी होती, म्हणून ती जोडी जमली. आपल्याकडे वेलाशेजारच्या वावरात काय आहे? कोथिंबीर, टोमॅटो, कांदा, मेथी. नाशिकच्या भाजीवर अर्धी मुंबई जेवते. तेव्हा नक्कल करायचीच तर चीजची करू नका, शेजारपणाची करा.

आता दुसरं. 'वाईन म्हणजे दारू नाही.' हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण हे आपल्या बाजूचे लोक बोलतात.

साधा हिशेब करू. वाईनमध्ये अल्कोहोल साधारण १३ टक्के धरा. हॉटेलातला एक ग्लास १५० मिलीचा. म्हणजे त्यात साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, स्मॉल पेग ३० मिली. म्हणजे पावणेतेरा मिली. थोडक्यात काय, तर तुमचा तो 'हार्टला चांगला' ग्लास म्हणजे दीड स्मॉल पेग. आणि हार्टचं म्हणाल तर २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगून टाकलं की, अल्कोहोलचं अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणताच येत नाही. मग ते व्हिस्कीतून येवो की द्राक्षातून.

मी पितो. महिन्यातून एखादी बाटली, दोघांत, दोन दिवस. पण ती औषध आहे म्हणून नाही. आवडते म्हणून. आपल्याकडे मजा करायचीही हिंमत नाही, तिला प्रकृतीचं सर्टिफिकेट लागतं. ज्या घरात दारूने माणूस गेलाय त्या घरातल्या बाईसमोर उभं राहून 'वाईन दारू नाही' म्हणून दाखवा. नाही म्हणवणार. मग इतर ठिकाणीही म्हणू नका.

आणि तिसरं. शेतकऱ्याचं भलं. इथे मात्र मी जरा चिडूनच लिहिणार आहे.

माझे मामा दिंडोरी तालुक्यात असतात. माळकरी माणूस. दर वर्षी वारी. आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. आणि याच माळकरी माणसाने २००५ साली दोन एकर सोव्हिन्यों ब्लाँ लावली होती.

तो काळच तसा होता. गंगापूर धरणाजवळ सुलाने १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावून दाखवली, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूर आणि पळूसला वाईन पार्क निघाले. गावोगाव कंपन्या करार करत फिरू लागल्या. अशाच एका कंपनीने मामांशी करार केला. रोपं त्यांची, सल्ला त्यांचा, दर ठरलेला. मी तेव्हा विचारलं होतं, "मामा, तुम्हाला चालतं का हे?" ते म्हणाले, "मी द्राक्षं पिकवतो. पुढचं ज्याचं त्याला."

त्या बागेत मी दोन जानेवारी घालवल्या. वाईनबद्दल मला जे काही कळतं ते तिथे कळलं. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. मग पावसाळा कसाबसा भुरी आणि डावणीपासून वाचवत काढायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, की मग घड निघतात. युरोपात वाईनची द्राक्षं ऐन उन्हाळ्यानंतर तोडतात, आपली थंडीत पिकतात. जगातले नावाजलेले वाईनचे प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात, आणि नाशिक विसावर! तरी जमतं, ते सहाशे मीटरच्या आसपासच्या उंचीमुळे आणि डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींमुळे. रात्र उबदार असली की वेल फळातली आंबट आम्लं जाळून टाकतो, थंड असली की ती वाचतात. तो जो जिभेच्या कडेला चटका बसतो ना, ती दिंडोरीची थंडी असते.

तोडणी पहाटे. ऊन चढायच्या आत क्रेट भरून गाडी रवाना झाली पाहिजे. बायका कानाला मफलर गुंडाळून, बोटं आखडलेली, बॅटरीच्या उजेडात घड कापायच्या. मी एक मणी तोंडात टाकला होता. लहानसा, बिया असलेला, साल जाड, गोड पण भयंकर आंबटही. मामा म्हणाले, "हे बाजारात न्यायचा माल नाही, बाळा. हे एकाच दाराला चालतं."

त्या वाक्याचा अर्थ मला २००९ साली कळला.

२००८ च्या शेवटी मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. कंपन्यांच्या टाक्यांमध्ये आदल्या वर्षीचीच वाईन पडून होती. जानेवारीत मामांचा माल तयार झाला आणि कंपनीचा माणूस म्हणाला, आठ दिवस थांबा. मग आणखी आठ दिवस. या द्राक्षाला आठ दिवस म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. गोडी चढत गेली, आंबटपणा उतरत गेला. मग 'क्वालिटी नाही' म्हणून अर्ध्या दराने उचलला. त्या अर्ध्याचेही पैसे पुढे वर्षभर हप्त्याहप्त्याने, निम्मेच आले. थॉमसन असती तर? व्यापाऱ्याला दिली असती, नाहीतर रॅकवर टाकून बेदाणा केला असता, अगदीच नाही तर रस्त्याकडेला पाटी घेऊन बसले असते. सोव्हिन्यों ब्लाँ कुणाला विकणार? एकच दार, आणि ते बंद.

२०१० मध्ये जेसीबी लावून बाग काढली. एकट्या मामांची नाही. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक जिल्ह्यात वाईनच्या कितीतरी बागा उपटल्या गेल्या. मामांनी थॉमसन लावली. २०१४ च्या मार्चमध्ये गारपिटीने तीही झोपवली, पण तो वेगळा विषय. शेती आहे, चालायचंच, असं तेच म्हणतात. गारपिटीबद्दल त्यांनी कधी कुणाला दोष दिला नाही. पण त्या सोव्हिन्योंचा विषय निघाला की आजही उठून गोठ्याकडे जातात.

म्हणून २०२२ च्या जानेवारीत, सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला आणि दोन्ही बाजूंनी गदारोळ उठला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. एक बाजू म्हणे, हे शेतकऱ्यासाठी. दुसरी म्हणे, हा संस्कृतीवर घाला. निर्णय पुढे मागे पडला, पण त्या सगळ्या भांडणात एकानेही विचारलं नाही की वाईनच्या द्राक्षाचा करार कसा असतो, माल नाकारला तर कोण भरून देतं, पैसे किती दिवसांत मिळतात. राज्यातल्या एकूण द्राक्षांपैकी वाईनला जाणारी द्राक्षं अगदी चिमूटभर. त्या चिमटीच्या नावाने सगळ्या शेतकऱ्यांचं भलं होणार होतं म्हणे! आणि संस्कृतीवाल्यांनाही एक विचारायचंय. उसाच्या मळीपासून देशी दारू होते, तेव्हा उसाच्या शेतकऱ्याला कुणी संस्कृती शिकवायला गेलंय का?

मग करायचं काय? एक साधी मागणी आहे माझी, आणि ती सरकारकडे नाही, आधी आपल्याकडे आहे. बाटलीचं गाव विचारा.

आपण आंबा घेताना विचारतोच ना, देवगड की रत्नागिरी? कर्नाटकचा हापूस पेटीत घातला तर भांडतो. तांदूळ घेताना मावळातला आंबेमोहोर म्हटलं की दोन पैसे जास्त देतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावाच्या नावाने माल विकणारी जी फ्रेंच माणसं, त्यांच्याकडून आपण ग्लास कसा धरायचा एवढंच शिकलो. सान्सेरच्या बाटलीवर द्राक्षाची जात बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते, गावाचं नाव असतं. १९३६ मध्ये त्या पांढऱ्या वाईनला कायद्याने ते नाव मिळालं. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, सान्सेर विकायची तर द्राक्षं सान्सेरचीच घ्यावी लागतात.

आपल्याकडे 'नाशिक व्हॅली' ला भौगोलिक मानांकन आहे. चांगलंच आहे. पण नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा. इगतपुरीचा धो धो पाऊस आणि येवल्याची कोरडी माती एकाच नावात बसवायची? माझ्या हातात आलेल्या बाटल्यांवर सूर्य, मोर, पतंग, हसरी बाई सगळं असतं. गाव नसतं. मग आज या गावचा माल, उद्या त्या गावचा, गिऱ्हाईकाला पत्ताच नाही. उद्या एखाद्या बाटलीवर मामांच्या गावाचं नाव असतं, आणि मुंबईत चारशे माणसं तेच नाव मागत असती, तर त्या जानेवारीत 'आठ दिवस थांबा' म्हणणं कंपनीला इतकं सोपं गेलं नसतं.

यावर लोक म्हणतील, कंपन्या दहा गावांचा माल एकत्र करतात, नाव कुणाकुणाचं लिहिणार? करू देत की एकत्र. स्वस्त बाटलीवर नका लिहू. पण एखादी तरी चांगली बाटली एका गावाची काढा. दुसरं म्हणतील, नाव लिहिल्याने दर वाढत नाही. मान्य, लगेच नाही वाढत. नाव लिहिल्याने चेकही वटत नाही. त्यासाठी करारात ताकद लागते, आणि तिथे सरकारचं काम आहेच. पण ज्या मालाला नाव नाही त्याच्या बाजूने भांडायला कुणी उभं राहत नाही, हे मी पाहिलंय.

तोवर आणखी एक काम करा. बाटलीवरचं साल बघा. ही वाईन ताजी प्यायची असते, फार तर दोनेक वर्षांच्या आत. दुकानदार ती एप्रिलच्या उकाड्यात ट्यूबलाइटखाली उभी ठेवतो, तीन वर्षं झालेली बाटली हसत हसत देतो, आणि मग आपण म्हणतो, 'नाशिकची काही खरी नाही'. ती नाशिकची चूक नव्हे, त्या फळीची. घरी आणली की फ्रिजमध्ये ठेवा, प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. अगदी बर्फगार असली की वास येतच नाही, आणि वासाचे तर आपण पैसे दिलेले असतात.

परवा मामा आले होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. चार दिवस राहिले. मी एक बाटली उघडली होती, त्यांच्यासमोर जरा संकोचच वाटत होता. ते म्हणाले, "कोणती रे ती?" मी नाव सांगितलं. त्यांनी ग्लास हातात घेतला. पिण्यासाठी नाही. नाकाजवळ नेला, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "मिरचीचा वास राहिलाय अजून. वेळेवर तोडलेली दिसते."

ग्लास परत दिला. मग विचारलं, "कुठल्या गावची आहे?"

मी बाटली फिरवून फिरवून बघितली. पत्ता होता, पण कंपनीच्या ऑफिसचा.